मुलीला आईजवळ राहायचं आहे

११ जानेवारी

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून ती ओळ मोकळी सोडली आहे. तुला वाटलं तर तूच भरून घे.

पत्र तुझ्या दातांच्या दवाखान्यावर पाठवतेय, कारण माझा फोन तू उचलत नाहीस आणि घरी पाठवलं तर तुझा तो शिस्तवाला नवरा आधी वाचणार. काउंटरवर बसून दिवसभर लोकांना "जरा वेळ बसा, डॉक्टर येतायत" म्हणतेस, त्यातलीच दोन मिनिटं आईसाठी काढ. फाडायचं असेल तर वाचून फाड.

काल कोर्टात तू मूग गिळून बसलीस. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन विसरले असते. तू माझ्या पोटची आहेस, म्हणून विसरता येत नाही.

सुरुवातीपासून लिहिते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं. भिंगरी दीड वर्षाची असताना तिचा बाप परागंदा झाला आणि तुला दुसऱ्या गावात नोकरी लागली. पोर आमच्या पदरात टाकून तू गेलीस. मी तेव्हाही काही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पोर बोलायला शिकली ती आमच्या घरात. तू मला आई म्हणतेस, म्हणून तीही मला आई म्हणायला लागली. तू ह्यांना बाबा म्हणतेस, म्हणून तिचेही ते बाबा. आणि हे तुला जन्मापासून ताई म्हणत आलेत, म्हणून तू तिची ताई झालीस. तुलाही त्याची गंमत वाटायची. फोन केलास की स्वतःच म्हणायचीस, "ताई बोलतेय गं." सहा वर्षांची झाली पोर, पण आजी हा शब्द तिनं घरात कधी ऐकलेलाच नाही.

मग तू दुसरं लग्न करून गावात परत आलीस आणि पोरीचा ताबा मागायला कोर्टात गेलीस. आणि काल तो कारकून नाकात बोलत, पोरीशी बोलून आलेल्या त्या समुपदेशक बाईंचा अहवाल वाचत होता. मुलीला आईजवळ राहायचं आहे. मुलीला आई आणि बाबा दोघांचाही लळा आहे. बाबा तिला रोज आपल्या किल्ल्यांच्या दुकानात नेतात, किल्ल्या घासायला शिकवतात, असं त्या बाईनं लिहिलं असतं तर कोणते बाबा ते कळलं असतं. पण तिनं नुसतं लिहिलं, बाबा लाड करतात.

मी हसले. मला वाटलं, जिंकलो. ह्यांनी माझा हात दाबला आणि कुजबुजले, आपलंच झालं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, आजी, तुमची काही हरकत? मी हात जोडून म्हटलं, छे हो, हरकत कसली, पोरीनं मनातलंच सांगितलं. आमच्या वकीलबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, म्हातारीनं ऐन वेळी माघार घेतली. त्या बिचारीला तरी काय माहीत, आमच्या घरात कोण कोणाला काय म्हणतं ते. आम्हीच कधी सांगितलं नाही. माशाला कोणी सांगतं का, की तू पाण्यात आहेस म्हणून?

त्या वेळी तू माझ्याकडे पाहिलंस. तुला समजलं होतं की मी चुकीचं समजतेय. तुला हेही माहीत होतं की पोर जे बोलली ते माझ्याबद्दल होतं. एक क्षण पाहिलंस आणि मान खाली घातलीस. शिस्तवाल्यानं तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

हुकूम झाला, पोर तुझ्याकडे. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी उरलेला अहवाल वाचून दाखवला. मुलीला कोणा काकाची भीती वाटते. तो काका तिला अंधाऱ्या खोलीत बंद करतो. सबब आजी-आजोबांच्या घरी मुलगी सुरक्षित असल्याची खात्री देता येत नाही.

आमच्या घरी कोण काका येतो गं? दूधवाला? सुट्टीत महिनाभर पोर तुझ्याकडे राहून आली, तेव्हापासून ती अंथरूण ओलं करतेय. काका कोणाला म्हणायचं हे तूच तिला शिकवलंस. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते काल मी डोळ्यांनी पाहिलं.

तुझी आई


२ फेब्रुवारी

पहिलं पत्र मिळालं असणार, कारण ते परत आलं नाही.

काल आमचा भेटीचा दिवस होता. कोर्टाची ती खोली तू आतून पाहिलीस का? भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेत, खेळणी आहेत, पण प्रत्येक खेळण्याचा काहीतरी एक भाग गायब. कोपऱ्यात एक कर्मचारी बाई मोबाइल बघत बसते आणि मधूनच मान वर करून आम्ही पोरीला पळवून तर नेत नाही ना, हे तपासते. तू बाहेर बाकावर बसली होतीस. भर दुपारी, त्या कोंदट जागेत, मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता. मी पाहिला. मी सगळं पाहते.

भिंगरी आली. पळत आली नाही, चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, "आ" म्हणाली आणि थांबली. मग हळूच "जी" जोडलं.

आजी.

मी म्हटलं, काय गं हे नवीन? तर ती त्या कर्मचारी बाईकडे बघून माझ्या कानात बोलली. चुकून आई म्हटलं तर काका सामानाच्या खोलीत बसवतात. बरोबर म्हटलं की बाहेर काढतात. मग म्हणाली, आता मला एकदम नीट येतं, हल्ली जास्त वेळ बसावं लागत नाही. हे सांगताना ती खूश होती गं, पाढे पाठ झाल्यासारखी. हे उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी त्या कर्मचारी बाईला सांगितलं. ती म्हणाली, लेखी द्या. वकीलबाईंनी लेखी दिलं. तर तिकडून तुमचं उत्तर हजर, की आजी मुलीच्या मनात विष कालवते, भेटी बंद करा. चोराच्या उलट्या बोंबा. खाली सही कोणाची? तुझी. ती सही शाळेत असताना मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही.

त्या खोलीला बाहेरून कडी लागते हे तुला ठाऊक नाही, असं मला सांगू नकोस. त्याच घरात तू झोपतेस.

तुझी आई


२५ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्याही पेशंटच्या चिठ्ठीच्या पाठीवर. म्हणे, "तू माझी मुलगी त्या एका शब्दानं माझ्यापासून तोडलीस. ती मला ताई म्हणायची आणि तू हसायचीस. तुला ते आवडायचं."

हो, आवडायचं. मग? म्हातारपणी कोणी आई म्हणून गळ्यात पडलं तर कोणाला आवडणार नाही? पण शब्द बदलायचा होता तर पोरीला मांडीवर घेऊन बदलायचास. महिन्यातून एक रविवार यायचीस, त्यात दुपारची झोप काढायचीस. मी तुझ्यावर रागावले ते ह्यासाठी नाही. तू खुशाल आई हो. तिला सांभाळून आई हो, एवढंच माझं म्हणणं आहे. कडी लावणाऱ्याच्या शेजारी बसून आई होता येत नाही.

आता मंगळवारचं सांगते. शिस्तवाल्यानं तुला त्याच्या सोयीचं सांगितलं असेल.

सकाळी दुकानात फोन आला. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा. आपल्या दुकानाचा नंबर पोरीनंच त्यांना पूर्वी जिन्यात म्हणून दाखवला होता, कविता म्हणावी तसा. बाई म्हणाल्या, वरून रडण्याचा आवाज येतोय, मघापासून येतोय, बेल वाजवली तर कोणी उघडत नाही. तू दवाखान्यात. तो लोकांना गाडी शिकवायला गेलेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर काय लिहिलंय, "सुरक्षितता प्रथम". मला ती पाटी वाचून दर वेळी हसू येतं.

ह्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि गिऱ्हाईक तसंच सोडून निघाले, मी त्यांच्या मागे. चाळीस वर्षं हा माणूस लोकांची कुलपं उघडतोय. स्वतःच्या घराबाहेर अडकलेले, तिजोरीचा आकडा विसरलेले, सगळे ह्यांच्याकडे. वकीलबाईंनी मात्र आधीच बजावून ठेवलं होतं, की काहीही झालं तरी त्या घरात पाऊल टाकायचं नाही, आधी पोलीस, आधी मुलांच्या मदतीचा फोन. जिन्यात ह्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि उभे राहिले. म्हणाले, फोन करू या. मी फोन लावला. लागला. तिकडच्या मुलीनं नाव, पत्ता, मुलीचं वय, माझं नातं, ताबा कोणाकडे, सगळं विचारलं आणि पथक निघतंय म्हणाली. आतून पोरीचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, "आजी, आजी, आजी" असं म्हणत होती. तिला वाटलं असेल, बरोबर शब्द म्हटला की दार उघडतं.

मी ह्यांना म्हटलं, "उघडा."

हे म्हणाले, "उघडलं तर ती हातची जाईल."

मी म्हटलं, "नाही उघडलं तर मी जाईन."

उघडलं. बाहेरचं दार ह्यांना चहा गाळण्याइतकं सोपं होतं. सामानाच्या खोलीला कडी आणि वर कुलूप. आत रंगाचे डबे, मोडका पंखा, आणि पोर. खाली पसरलेलं ओलं तिनं स्वतःच्या फ्रॉकनं पुसून ठेवलं होतं. मी तिला उचललं आणि घरी नेलं. पथकाची वाट बघायला हवी होती. बघितली नाही. दूध पाजलं, अंघोळ घातली, झोपवली.

ते पथक आलं तेव्हा तुमच्या घरात शिस्तवाला हजर आणि सामानाच्या खोलीचं दार सताड उघडं. कुलूप नाही, कडीच्या जागी चार भोकं. त्याची तक्रार काय, घरफोडी, मुलीचं अपहरण, म्हातारा सराईत. संध्याकाळी पोलीस पोरीला घेऊन गेले आणि ह्यांनाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वकीलबाईंनी डोकं धरलं. म्हणाल्या, थोडं थांबला असता तर आज तुमचे जावई चौकीत असते, आजोबा नाहीत. खरं आहे. कायद्यानं खरं आहे. पण त्या जिन्यात थांबून दाखवा म्हणावं कोणीतरी.

जामीन झाला. तुझे बाबा घरी आले. दुकान उघडतात, बसतात. काल एक बाई कपाटाची किल्ली करायला आली, तर तिला म्हणाले, पोलिसांना विचारून या.

तुझी आई


१७ मार्च

परवा तारीख आहे. वकीलबाईंनी अर्ज केला आहे की अहवाल पुन्हा तपासावा, कारण त्यातले शब्द चुकीच्या माणसांवर बसवलेत. समोरच्या वकिलाचं म्हणणं, ही म्हातारीची नंतर सुचलेली गोष्ट आहे, कुठलं पोर आजीला आई म्हणतं? म्हणे, सगळीकडे आजी म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकणारे मेले. शिक्षिकाबाई म्हणतात, मी आवाज ऐकला, डोळ्यांनी काही पाहिलं नाही, आणि माझ्या नवऱ्याला ह्यात पडायचं नाही. मी त्यांच्यावर चिडले, मग चिडणं गिळलं. निदान त्यांनी फोन तरी केला. पोरीला पुन्हा विचारून उपयोग नाही, ती आता "एकदम नीट" बोलते.

म्हणजे उरलीस तू. आमच्या घरात कोण कोणाला काय म्हणायचं, हे कोणाची हरकत न येता सांगू शकेल असं जगात दुसरं कोणी नाही. आम्ही बोललो तर स्वार्थ. तो बोलला तर खोटं. तुला फक्त एक वाक्य बोलायचं आहे.

भेटीच्या दिवशी बाकावरून उठताना तुझी बाही वर सरकली होती. मी तेव्हा काही बोलले नाही, पत्रातही लिहिलं नाही, कारण मला रागवायचं होतं आणि ते दिसल्यावर रागवता येईना. आता लिहिते. तो पोरीला खोलीत बसवतो. तुला काय करतो?

उत्तर पाठवू नकोस. परवा ये आणि बोल. गप्प बसलीस तर माझं दार तुला बंद. हे मी रागात लिहीत नाही. बरं, रागातच लिहितेय.

तुझी आई


२६ मार्च

दवाखान्यात चौकशी केली. म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, तिची आई. तर म्हणाले, तारखेच्या दिवसापासून त्या कामावर आलेल्या नाहीत. म्हणून हे पत्र शिक्षिकाबाईंच्या हाती देतेय. त्यांनी ते पेपरच्या घडीत घालून तुला द्यायचं कबूल केलं आहे, नवऱ्याला न सांगता. बाई बऱ्या निघाल्या.

आधी तुझ्या लेकीचं सांगते, कारण तू आधी तेच शोधशील. ती बरी आहे. दोन रात्री झोपेत ओरडली, आता कमी आहे. हे तिला पुन्हा दुकानात नेतात. मला कधी आजी म्हणते, कधी आई. मी दोन्हीला ओ देते. परवा तिनं विचारलं, ताई कुठे आहे? मी म्हटलं, येतेय.

त्या दिवशी कोर्टात तू उठलीस तेव्हा मला वाटलं, पाणी प्यायला उठलीस. शिस्तवाल्यानं तुझी ओढणी धरली होती, ती तशीच त्याच्या हातात राहिली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, काय बोलायचं आहे?

तू म्हणालीस, "अहवालातली आई म्हणजे मी नाही, मॅडम. ती माझी आई. माझी मुलगी मला ताई म्हणते. आणि काका म्हणजे माझा नवरा. कडी त्यानं बसवली, मी बघत होते."

एवढं बोलून बसलीस. त्या समुपदेशक बाईंनी आपला चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या. तासाभरात हुकूम झाला. पोर आजी-आजोबांकडे, त्या माणसानं तिच्या जवळ यायचं नाही, तिची आई तिला हवं तेव्हा भेटू शकते. ह्यांच्यावरचा घरफोडीचा खटला अजून आहे, पण वकीलबाई म्हणतात, बघू.

मी तुला शोधायला बाहेर आले. पोरीला कडेवर घेतलं होतं, तिच्या वजनानं पळता येईना. तो तुझं कोपर धरून तुला पायऱ्यांवरून खाली नेत होता. हसत होता, ओळखीच्या लोकांना मान हलवत होता. मी हाक मारली. तू वळलीस आणि हातानंच सांगितलंस, राहू दे. गाडीचं दार त्यानं उघडलं, तू बसलीस, त्यानं लावलं.

का बसलीस गं? आत पंचवीस माणसांसमोर त्याचं नाव घ्यायची हिंमत झाली आणि बाहेर आल्यावर त्याच्या गाडीत बसलीस? मी इतके दिवस तुझ्यावर चिडले होते ते काहीच नव्हे. ह्या वेळी मी इतकी चिडले आहे की जेवताना घास तोंडात फिरतो. पोरीला सोडवलंस आणि तिच्या जागी स्वतः जाऊन बसलीस. असं कोणी सांगितलं होतं तुला?

मी वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, आता लेकीसाठी अर्ज करा. जसा नातीसाठी केला तसा. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, आजी, ती सज्ञान आहे, तिच्या वतीनं तुम्हाला ताबा मागता येत नाही. तिला स्वतःलाच तक्रार करावी लागते. मी म्हटलं, आणि ती करू शकत नसेल तर? त्या म्हणाल्या, पोलिसांना सांगून बघू, ते जाऊन विचारतील.

ते आले होते ना सोमवारी? मीच पाठवले होते. त्यांनी मला येऊन सांगितलं, तुमची मुलगी स्वतः दारात आली, सगळं ठीक आहे म्हणाली, कोणाविरुद्ध हरकत नाही म्हणाली. त्यांनी तसं लिहून घेतलं. मी विचारलं, तिच्या मागे कोण उभं होतं? म्हणाले, मिस्टर होते, चहाला बसा म्हणत होते.

दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जपावं म्हणतात. म्हण करणाऱ्याला काय जातंय? मला साय दिली आणि दूध त्या घरात राहिलं. नातीला मागायला कोर्ट आहे, अर्ज आहे, भेटीची खोली आहे, भिंतीवर हत्तीसुद्धा काढलेत. लेकीला मागायला कुठे जाऊ? मोठी झालीस हा काय गुन्हा झाला का?

तुझे बाबा सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. मी त्यांना अडवून ठेवलं आहे. दुसऱ्यांदा पकडले गेले तर पोर पुन्हा जाईल, आणि मग तू जे केलंस ते सगळं वाया.

तेव्हा नीट वाच. उद्या तो सकाळची शिकवणी घेऊन परत यायच्या आत पोलीसबाई येतील. ह्या वेळी बाईच मागितली आहे, वकीलबाईंनी बोलून ठेवलं आहे. जिन्यात शिक्षिकाबाई असतील. खाली आम्ही दोघं असू, रिक्षा उभी असेल. बेल वाजली की तू दारापर्यंत ये आणि म्हण, ठीक नाही. एवढंच. रडू नकोस, समजावून सांगू नकोस, त्याची बाजू घेऊ नकोस. पुढचं भांडण माझ्यावर सोड.

आम्ही वर येणार नाही. आम्हाला ते दार उघडायची परवानगी नाही गं. ते तुलाच आतून उघडावं लागेल.

तुझी आई